पांढऱ्या पट्टीचा पेशंट

धारूरच्या स्टँडवर तो एसटीत चढला आणि माझ्या पलीकडच्या सीटवर बसला. खरं सांगते, मी आधी त्याच्याकडे पाहिलंच नाही... त्याच्या कोपराकडे पाहिलं. उजव्या कोपराला निळी पट्टी चिकटवलेली होती. खेळाडू लावतात ती, रबरासारखी ताणली जाणारी. आणि ती सपशेल चुकीच्या बाजूला लावलेली होती.

माझा स्वभाव असा, की चुकीचं काही दिसलं की जीभ तोंडात राहत नाही. आई म्हणते, "रुद्राणी, तुझं लग्न अडलं ना, तर ते या जिभेपायीच अडेल." तरी मी दोन वळणं गप्प बसले. मग तो खिडकीची काच सरकवायला गेला, "आई गं—" म्हणाला आणि कोपराचं बाहेरचं हाड दाबत हात पोटाशी धरून बसला. आता कसलं गप्प बसणं!

"पट्टी चुकीच्या बाजूला लावलीय तुम्ही."

त्याने वळून पाहिलं. उन्हाने रापलेला चेहरा, दोन दिवसांची दाढी आणि डोळ्यांत हसू. दुखत असतानाही हसू!

"मोबाईलवर बगून लावली मॅडम. त्यात तर लई झ्याक दिसत होती."

"दुखतं बाहेरच्या हाडाला आणि पट्टी आतल्या बाजूला. याला म्हणतात आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!"

तो चमकला. "तुमाला माझं नाव कुणी सांगितलं?"

"कुठलं नाव?"

"सोमेश्वर."

मागच्या सीटवरच्या दोन बाया फिदीफिदी हसल्या. मी खिडकीबाहेर बघायला लागले. घाट संपेपर्यंत माझे कान तापलेले होते, पण माझ्यातली फिजिओथेरपिस्ट काही गप्प बसेना. तांब्या उचलताना कळ येते का? मूठ आवळताना? किती दिवस झाले?

"दोन महिने. मेंढरं भादरतो ना मी. कातरीनं. दिवसाला पंचवीस-तीस."

"मग हा टेनिस एल्बो आहे."

"कसं शक्य हाय? आमच्या पाच पिढ्या मेंढरामागं गेल्या. टेनिस कुणीच खेळलेलं न्हाई."

मला हसू आलं आणि आनंदही झाला. दुसऱ्याच्या दुखण्याचा आनंद व्हावा असा आमचा धंदा! पण त्याला कारण होतं. मी युसूफ वडगावची, शेवटच्या वर्षाला होते आणि माजलगावात राधाकिशन डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या मागच्या खोलीत माझा प्रबंध चालू होता. टेनिस एल्बोला लवचिक निळी पट्टी चांगली की न ताणणारी पांढरी पट्टी चांगली, याची तुलना. त्याला तीस पेशंट हवे होते. एकही कमी चालणार नाही, असं माझे गाइड विजयसिंह सर बजावून बसले होते. माझे एकोणतीस झाले होते. मार्चअखेर प्रबंध दिला नाही, तर डिग्री सहा महिने पुढे जाणार होती.

"उद्या दवाखान्यात या," मी म्हणाले. "फुकट उपचार आहे."

"फुकट हाय म्हणून न्हाई येत," तो म्हणाला. "तुमी बोलावलं म्हणून येतो."

मागच्या बाया पुन्हा हसल्या. मेल्या!

दुसऱ्या दिवशी तो दहाच्या ठोक्याला हजर. पाटोद्याजवळचा राहणारा, बी.ए. झालेला, बापामागे घरची दोनशे मेंढरं सांभाळणारा. ऊस तुटला की त्यांचे कळप माजलगावकडे येतात. तुटलेल्या फडांत चारा आणि धरणाचं पाणी. मी त्याच्यापुढे बंद पाकिटं ठेवली आणि एक उचलायला सांगितलं.

"ही लॉटरी हाय का?"

"तसंच. कोणाला कुठली पट्टी ते मी ठरवायचं नाही, पाकीट ठरवणार."

त्याने डाव्या हाताने पाकीट उचललं. पांढरी निघाली. त्याचं तोंड पडलं.

"निळी कावून न्हाई? निळी उटून दिसती. मेंढरांनी लांबून वळकलं असतं मला."

"मेंढरं पट्टी बघून ओळखतात?"

"न्हाई. पण तुमी बगितलं ना, त्या निळीमुळंच."

मी ऐकलं नाही असं दाखवलं. तो पुन्हा म्हणाला, "बरं, दोन्हीतली भारी कोणती, ते तर सांगा."

"माहीत नाही. तेच तर शोधायचंय."

तो माझ्याकडे बघत राहिला. "डॉक्टर असून 'ठाऊक न्हाई' म्हनणारी पहिलीच बगितली बगा," तो म्हणाला, आणि या खेपेला त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती.

पट्टी नीट चिकटायची तर हातावरचे केस काढावे लागतात. मी वस्तरा घेतला तेव्हा त्याने हात पुढे केला आणि मान तिरकी केली.

"आयुष्यभर मी मेंढरं भादरली. आज माझी बारी."

"हलू नका, नाहीतर कापेल."

"मेंढरू बी हलत न्हाई, चांगल्या हातात असलं की..."

आता असं कोणी बोलल्यावर वस्तरा स्थिर ठेवून दाखवा! मी ठेवला. आधी मऊ जाळीदार पट्टी, त्यावर पांढरी. दुखऱ्या जागेभोवती चार तुकडे चौकटीसारखे लावायचे, कातडी दुखऱ्या जागेकडे हलकेच ओढून. त्याच्या हाताला लोकरीचा आणि उन्हाचा वास होता. एरवी बाहेरून साखर कारखान्याच्या मळीचा वास यायचा आणि मला तो नकोसा व्हायचा. त्या दिवशी तो वास आला की नाही, तेही मला आठवत नाही.

अट एकच होती, चार आठवडे कातर धरायची नाही. आठवड्यातून दोनदा पट्टी बदलायची. दर वेळी मी त्याला शून्य ते दहा लिहिलेली रेघ दाखवायचे. शून्य म्हणजे दुखतच नाही, दहा म्हणजे सोसवत नाही. पहिल्या दिवशी त्याने आठवर बोट ठेवलं.

तिसऱ्या खेपेला माझ्याकडून चूक झाली. त्या दिवशी पांढऱ्या पट्टीचे दोन पेशंट कुरकुर करून गेले होते आणि मी वैतागले होते. मनातून मला पांढरीच जिंकायला हवी होती. साधी, स्वस्त, खेड्यातल्या कुठल्याही मेडिकलात मिळणारी. पट्टी लावता लावता मी बोलून गेले, "पांढरी हरणार बहुतेक. एवढी मेहनत करून..."

पेशंटपुढे असं बोलायचं नसतं, हे पहिल्या वर्षाची पोरगीसुद्धा सांगेल. पण त्याच्यापुढे मला बोलावंसं वाटलं. का वाटलं, ते तेव्हा मी स्वतःला विचारलं नाही.

त्याने रेघेवर बोट ठेवलं. पाच.

पुढच्या खेपेला चार. मग तीन. मग दोन! मी हरखून गेले. तो आला की मी खोलीत उगाच टेबल आवरायचे. तो कधी मूठभर हरभरा आणायचा, कधी कोकराचं काही तरी सांगायचा, आणि मी हसताना तो हसणं थांबवून बघत राहायचा... आणि मी रात्रीच्या जेवणाला काय केलं होतं तेही विसरायचे. हो, आवडायला लागला होता तो मला. भरपूर. पण तो पेशंट होता आणि मी नियमाची पक्की. चार आठवडे संपेपर्यंत मनातसुद्धा नाव घ्यायचं नाही, असं ठरवलं आणि दिवसाला दहा वेळा घेतलं.

तिसऱ्या आठवड्यात विजयसिंह सरांचा फोन आला.

"रुद्राणी, तुझा तिसावा पेशंट बघितलास का? दुखणं आठवरून दोनवर आलंय."

"हो सर! पांढऱ्या पट्टीने—"

"आणि मुठीची पकड? यंत्रावर सुरुवातीला अठरा किलो होती. आता सोळा आहे. दुखणं गेलं आणि ताकदही गेली? एक तर तुझी पट्टी जादूची आहे, नाहीतर पेशंट."

मी वही उघडली. आकडे माझ्याच अक्षरात होते. मीच लिहिले होते आणि मीच वाचले नव्हते.

रिक्षा करून मी धरणाच्या काठी गेले. तुटलेल्या उसाच्या फडाकडेला तीन-चार कळप एकत्र बसले होते. आणि सोमेश्वर मधोमध, मेंढीचे पाय गुडघ्यांत धरून, कातर चालवत होता. दोनदा चालवायचा, थांबायचा, ओठ दाबून कोपर धरायचा, पुन्हा चालवायचा. माझी पांढरी पट्टी लोकरीने माखली होती.

चुलीपाशी बसलेली बाई उठून आली. कडूबाई, त्याची आई. तिने माझ्याकडे बघितलं आणि विचारलंच नाही मी कोण ते.

"तुमीच व्हय डॉक्टरीणबाई? बगा ना याच्याकडं. सांजच्याला भाकर मोडता येत न्हाई याला. मी म्हनलं, सांग की बाईला, दुखतंय म्हणून. तर म्हनतो, न्हाई, त्यांची पट्टी हरंल."

सोमेश्वर उभा राहिला. हातातली कातर खाली पडली. मेंढी अर्धी भादरलेली तशीच पळाली.

"कावून खोटं बोललात?" मी ओरडले. चिडले की माझ्या तोंडात घरची बोली येते. "कावून? आणि कातर कशाला धरली?"

"सावड हाय, मॅडम," तो खाली बघत म्हणाला. "मागल्या साली या लोकांनी माझी मेंढरं भादरली. यंदा त्यांची भादरायची माझी बारी. हात दुखतो म्हणून सावड मोडत न्हाईत. आन तुमी... तुमी माझा हात बांधता, फुकट. तुमची सावड मी कशानं फेडू? माझ्यापाशी देण्यासारखं होतंच काय? आकडे होते. ते दिले."

इतका राग आणि इतकी माया एकाच वेळी मला कधी आली नव्हती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाही राग आला.

"तुमच्या त्या दोननं काय झालं असतं, ठाऊक आहे? मी लिहिलं असतं, पांढरी पट्टी चांगली. उद्या कुठला तरी डॉक्टर ते वाचून कोणाच्या तरी कोपराला तीच लावेल. तो माणूस खरंच दुखतंय म्हणून आलेला असेल. त्याला काय सांगायचं? सोमेश्वरला माझी दया आली म्हणून?"

"दया न्हाई," तो म्हणाला. एवढंच. पण असं म्हणाला, की मला तिथे उभं राहवेना.

परत येऊन मी वहीत तिसाव्या पेशंटवर आडवी रेघ मारली. खाली खरं कारण लिहिलं, माझ्या चुकीसकट. सरांना फोन केला. ते म्हणाले, "ठीक केलंस. पण आता नवा पेशंट घेऊन चार आठवडे मार्चच्या आत बसत नाहीत. सहा महिने गेले, बेटा." मी हो म्हणाले आणि दार लावून रडले. डिग्रीसाठी रडले, असं समजून घ्या.

आठ दिवस तो आला नाही. रिकाम्या खोलीत टेबल आवरण्यात काही अर्थ नव्हता, तरी मी आवरत होते.

नवव्या दिवशी सकाळी बाहेर गलका झाला. दारात सोमेश्वर, आणि त्याच्यामागे पटकेवाले सहाजण, प्रत्येकाचा एक हात छातीशी धरलेला.

"भादरणं संपलं," तो म्हणाला. "आता सगळ्यांचीच कोपरं गेलीत. हे महिनाभर कातर धरत न्हाईत, माझी जबाबदारी. आन आकडा खोटा सांगितला तर मेंढरांची आन घातलीया. काढा पाकिटं."

त्यांच्यातले बंकटमामा, सत्तरीचे, पुढे झाले. "पोरी, मला निळी मिळंल का गं?"

"पाकीट ठरवेल, मामा," मी म्हणाले आणि कित्येक दिवसांनी हसले.

डिग्री सहा महिने पुढे गेली ती गेलीच, पण तीस पेशंट आता पुरे होणार होते. सहाही जणांच्या पट्ट्या होईपर्यंत दुपार झाली. सोमेश्वर बाहेर लिंबाखाली बसून होता. मी गेले तेव्हा तो उठला आणि सवयीने हात पुढे केला.

"तुमचा हात आता राधाकिशन डॉक्टर बघतील," मी म्हणाले. "तुम्ही माझे पेशंट नाही."

त्याने हात मागे घेतला. चेहरा उतरला. "लई राग हाय ना अजून?"

"आहे. पण तेवढंच नाही... तुम्ही पेशंट असता, तर मला हे बोलता आलं नसतं." मी एक पाऊल पुढे गेले. "मला तुम्ही आवडता. खोटे आकडे नाही आवडले. तुम्ही आवडता."

"घाटातच," तो हळू म्हणाला. "तुमी मला रागं भरलात ना एसटीत, तवाच. पण मी काय बोलणार? तुमी लिंगायत, दुकानदाराची लेक. आमी रानोमाळ फिरणारे, आमच्यात मटण शिजतं. तुमच्या घरी कळलं तर..."

"कळलं तर नाही. कळवते."

मी फोन काढला. तो "अवं, अवं—" करत राहिला, पण मी आप्पांना, माझ्या वडिलांना, फोन लावलाही होता. स्पीकर चालू केला. एकदा लपवाछपवी बघितली होती, पुरे झाली. आप्पा दुकानात होते, मागे तराजूचा आवाज येत होता.

"आप्पा, मला एक जण आवडतो. तुम्ही त्याला भेटा."

तराजूचा आवाज थांबला.

"काय करतो?" आप्पांनी विचारलं.

"मेंढरं राखतो. बी.ए. झालाय. आपल्यातला नाही."

सोमेश्वरने डोळे मिटून घेतले होते. मी आप्पांना ओळखते. मन्मथ आप्पा रागावले की फोन ठेवतात. मी वाट बघत राहिले. फोन ठेवला गेला नाही.

"खरं बोलतो का पोरगा?" शेवटी त्यांनी विचारलं.

मी सोमेश्वरकडे पाहिलं. त्याने डोळे उघडले. माझ्या हातातल्या फोनकडे वाकून, घसा साफ करून, तो म्हणाला, "एकदा खोटं बोललो, आप्पा. तुमच्या लेकीनं पकडलं."

मग आप्पांनी मोठा सुस्कारा टाकला.

"मी हो म्हनलेलं न्हाई, समजलं का? नुसतं बगतो म्हनलं. आन सोमवारी आणू नकोस. सोमवारी मला उपास असतो, डोकं ठिकाणावर नसतं. मंगळवारी आण."

फोन बंद झाला. सोमेश्वर तसाच वाकलेला राहिला होता.

"मंगळवारी घालू काय?" त्याने विचारलं.

"धुतलेलं काहीही," मी म्हणाले, आणि त्याचा डावा, न दुखणारा हात हातात घेतला.