खिडकीपाशची खुर्ची

उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात गेलेला माणूस कुठे ना कुठे टेकतोच. राजसीही टेकली होती – कमलेशच्या दुकानात, उंच पाठीच्या सागवानी खुर्चीत. कमलेश चहा सांगायला बाहेर गेला होता आणि तिच्या कुबड्या मागच्या कपाटाला लागून उभ्या होत्या. तेवढ्यात एक उंच, घामाघूम झालेला मुलगा आत शिरला आणि थेट तिच्यापुढे येऊन थांबला.

"मॅडम, ही खुर्ची केवढ्याला?"

आता सरळ सांगायचं ना, की बाबा रे, मी पण गिऱ्हाईकच! पण राजसीच्या जिभेला हाड नव्हतं. बदलापुरात, कात्रपला ती दहावीच्या मुलांना गणित शिकवायची आणि तिच्या जिभेला मुलांचे आईबापसुद्धा टरकून असायचे.

"ही विकायची नाही," ती म्हणाली.

"का?"

"मी बसलेय ना."

तो हसला. हसताना त्याचा एक डोळा जरा जास्तच मिटायचा. "मग तुमच्यासकट भाव सांगा."

"तुम्हाला परवडायचा नाही."

"बघू तरी... "

"कुणासाठी हवीय?"

"माझ्यासाठी. खिडकीत बसून वाचायला."

"काय वाचता?"

"मोबाइल," तो म्हणाला, आणि दोघंही खळखळून हसली. कमलेश परत आला तोवर राजसीने घासाघीस करून खुर्ची विकून टाकली होती.

"अरे मॅडम, आपने तो बेच भी दी!" कमलेशने कपाळावर हात मारला. "कल से दुकान पे आ जाओ, साईं!"

मुलाचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण राजसीचं हसू विरलं, कारण आता उठायची वेळ आली होती. तिने हात मागे नेऊन कुबड्या ओढल्या आणि वाट बघितली – त्या नजरेची. आत्तापर्यंत मजेत बोलणारी माणसं कुबड्या दिसल्या की एकदम 'अरेरे' होतात, ती नजर. त्याने कुबड्या पाहिल्या. तिला पाहिलं.

"हात देऊ... की मधे येऊ नको?"

"मधे येऊ नका."

"बरं," म्हणून तो मुकाट बाजूला झाला. एवढंच. पण असा विचारून बाजूला होणारा पुरुष राजसीने पहिल्यांदाच पाहिला होता. बाकीचे एक तर दंडाला धरायचे, नाहीतर नजर चुकवायचे. मुलगी तिथेच फसली हो, दुसरं काय!

त्याचं नाव उन्मेष. अंबरनाथ पश्चिमेला आई कुंदाताई आणि तो अशी दोघंच राहायची. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तो ऑफिसर होता. पुढच्याच रविवारी तो कात्रपला हजर झाला आणि मग दर रविवारी होऊ लागला. राजसीच्या साइडव्हीलवाल्या स्कूटीवर ती पुढे, तो मागे. बारवी धरणाच्या रस्त्याला ठाकर बायका पानांच्या द्रोणात जांभळं विकायच्या. द्रोण घेऊन दोघं झाडाखाली स्कूटी लावायची.

"जीभ दाखव."

"आधी तू."

"तुझी जास्त जांभळी. हावरट!"

"सगळी टपोरी तूच खाल्लीस आणि मी हावरट?" मग तो तिच्या बोटांवरचा जांभळा डाग अंगठ्याने पुसायला लागायचा... डाग काही निघायचा नाही. निघू नये असंच तिला वाटायचं.

"खुर्ची कशी आहे?" ती विचारायची.

"वाट बघतेय. खिडकीपाशी ठेवलीय. कुणाला बसू देत नाही मी तिच्यावर."

"आईलाही?"

"आईला सांगतो ना... दिवाळीत सांगतो."

दिवाळी गेली. मग तो गुढीपाडव्याला सांगणार होता. पाडवाही गेला. राजसी चिडायची, अबोला धरायची, आणि रविवारी हॉर्न न वाजवता दारात उभा राहिलेला तो दिसला की विरघळायची. प्रेमात शहाणी माणसंही इतकी बावळट होतात, मग ही तर उगाच शहाणी.

एकदा आईने त्याला टोकलंच – रविवारचा जातोस तरी कुठे? त्यावर याने ठोकून दिलं की बदलापूरला एका अपंग मुलीला मदत करायला जातो. हे त्याने राजसीला हसत हसत सांगितलं.

"मदत?" ती म्हणाली. "कसली रे?"

"अगं, तेवढ्यापुरतं. आई खूश झाली!"

खूश होणारच. कात्रपमध्ये सोसायटीतल्या शंकररावांनी जिन्यात हटकलं तेव्हाही त्याने तेच सांगितलं आणि शंकररावांनी त्याची पाठ थोपटली. धडधाकट पोरीच्या दारात दर रविवारी असा मुलगा आला असता तर कात्रपने दुसऱ्याच रविवारी अक्षता शोधल्या असत्या. राजसीच्या दारात आला, म्हणून तो समाजसेवक. कुणाच्या मनालासुद्धा शिवलं नाही की हिच्यावर कुणी जीव टाकत असेल.

शंकरराव मंडळाचे अध्यक्ष. त्या श्रावणात मंडळाने दिव्यांगांच्या पाठीराख्यांचा सत्कार ठेवला. पहिलं नाव बनूबाईंचं. तळमजल्यावर राजसीच्या शेजारी राहणारी ही आगरी म्हातारी सोसायटीशी भांडून भांडून राजसीसाठी जिन्याशेजारी उतार बांधून घ्यायला भाग पाडणारी. तिचं नाव राजसीनेच सुचवलं होतं. दुसरं नाव होतं उन्मेषचं. ते शंकररावांनी सुचवलं हे सांगायला नको.

"नाही कसं म्हणू?" उन्मेष फोनवर अजिजीने म्हणाला. "आईने सगळ्या नातेवाइकांना कळवलंय गं..."

राजसी म्हणाली, "घे सत्कार. पण माईक हातात आला की एकच वाक्य बोल. लग्नाचं नको काढूस. नुसतं म्हण – मी मदतीला जात नाही, राजसीला भेटायला जातो. एवढं जमेल?"

"जमेल. तुझी शपथ."

ती शपथ तिने पदरात बांधून ठेवली. मोरपंखी साडी काढली, त्याला आवडते म्हणून.

हॉल गच्च भरला होता. पहिल्या रांगेत कुंदाताई, मांडीवर पर्स घट्ट धरून. सत्कार अपंगांच्या पाठीराख्यांचा, आणि स्टेजला पायऱ्या! उतार करायचं कुणालाच सुचलं नव्हतं. बनूबाईंनी शाल घेतली आणि माईकवर खडसावलं, "मना नारल देता, त्यापरीस हतं उतार बांधला असता तं बरा झाला असता." लोक हसले, टाळ्या वाजवल्या. म्हातारी गमतीत बोलतेय असंच त्यांना वाटलं.

मग उन्मेषचं नाव पुकारलं. शंकररावांनी राजसीलाही वर बोलावलं. ती एकेक कुबडी टेकवत पायऱ्या चढू लागली. रोज चढते तशी, तिच्या चालीने. तेवढ्यात उन्मेष धावत खाली आला आणि त्याने तिला दंडाला धरलं.

विचारलं नाही. पहिल्यांदाच विचारलं नाही. फोटोवाल्याचा फ्लॅश उडाला, हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. चढत होती ती, आणि टाळ्या त्याला.

माईक त्याच्या हातात आला. राजसी मनात घोकू लागली. बोल, एकच वाक्य, बोल...

"मी काही फार करत नाही," उन्मेष म्हणाला. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग पहिल्या रांगेकडे. "राजसीताईंना जमेल तेवढी... मदत करतो."

ताई! राजसीला वाटलं, कुणीतरी कुबड्याच काढून घेतल्या.

शंकररावांना मात्र भरून आलं. "वा! ताई म्हणाले, बघा! राखी पौर्णिमा तोंडावर आलीय. आमची ही भगिनी आता आपल्या पाठीराख्याला राखी बांधेल!" मंडळाच्या बायका तबक घेऊन पुढे आल्या. कुंकू, तांदूळ, पेढा, सोनेरी गोंड्याची राखी. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. हेच तर वाईट होतं.

अजूनही वेळ होती. त्याने नुसतं 'नको' म्हटलं असतं, हात मागे घेतला असता, तरी तिने सगळं माफ केलं असतं. राजसी हळूच म्हणाली, "बांधू?"

उन्मेषने उजवा हात पुढे केला. "बांध ना आता... लोक बघतायत," तो ओठातल्या ओठात पुटपुटला. "नंतर बोलू."

तिने बांधली. गाठीवर गाठ मारली, घट्ट. ओवाळलं, पेढा भरवला. जांभळाने माखलेली त्याची जीभ तिला आठवली आणि तिने नजर वळवली.

कुंदाताई रडतच स्टेजवर आल्या आणि त्यांनी तिला मिठी मारली. "मला मुलगी नव्हती गं, देवाने दिली! गणपती झाले की याला मुली बघायच्या आहेत. वहिनी तूच पसंत करायची हं!"

"करेन ना," राजसी म्हणाली. आवाज कापला नाही, याचं तिलाच आश्चर्य वाटलं.

बाहेर ती स्कूटीपाशी पोचली तोवर उन्मेष धापा टाकत आला. शाल खांद्यावरून घसरत होती.

"राजसी, ऐक ना. ते कार्यक्रमापुरतं होतं. मी आत्ता काढून टाकतो, हे बघ – "

"गाठ घट्ट आहे. सुटायची नाही."

"आईला सांगणार आहे मी. गणपतीत... नक्की."

"उन्मेष," ती म्हणाली, "ओवाळणी राहिली."

"अं?"

"बहिणीने राखी बांधली. रिकाम्या हाताने जाशील? ती खुर्ची पाठव. भाव मी केला होता, बसले आधी मी होते. तुझ्या खिडकीत तिचं आता काय काम?"

"असं नको गं बोलूस... ती तुझ्यासाठीच – "

"म्हणून तर म्हणते. पाठव."

बनूबाई नारळ सांभाळत मागे बसल्या आणि राजसीने स्कूटी सुरू केली. वाटेत म्हातारीने नुसता तिच्या पाठीवर हात ठेवला.

आता खरं सांगते. राजसीला खुर्ची नको होती. मेल्याने नाही म्हणावं, हट्टाला पेटावं, आईला हाताला धरून आणावं आणि म्हणावं, खुर्ची येणार नाही, तू चल – एवढीच तिची आशा होती. आठवडाभर फळ्यावर गणितं सोडवताना तिचा कान जिन्याकडे लागलेला. रविवार उजाडला तसा तिने दोनदा आरसा पाहिला. स्वतःवरच चिडली, आणि तिसऱ्यांदा पाहिला.

बाहेर हॉर्न वाजला. उन्मेष कधी हॉर्न वाजवायचा नाही.

टेम्पो होता. हमालाने खुर्ची उतारावरून चढवून दारात आणून ठेवली. ती धुऊनपुसून पाठवली होती, पायाला खरचटू नये म्हणून गोणपाटही बांधलं होतं. किती काळजी! बरोबर कुणी आलं नव्हतं.

बनूबाई दारातून डोकावल्या. खुर्चीच्या पाठीवर हात फिरवत म्हणाल्या, "चांगली हाय गो. कुनी धाडली?"

"भावाने," राजसी म्हणाली. मग ती त्या खुर्चीत बसली आणि इतके दिवस अडवून धरलेलं रडू तिला आवरेना.