लेम्पीचे शब्द, आर्वोचं तोंड

ट्रक दुपारी दोनला निघणार होता. रेनोमामा, आजोबा आणि सहा वर्षांचा ओत्सो गोठलेल्या तळ्यावरून थेट पलीकडच्या मासेमारीच्या खोपटापर्यंत जाणार आणि मोठी मुलं मागून स्की करत येणार, असं ठरलं होतं. थंडर बे शहराच्या उत्तरेला, मामाच्या तळ्याकाठच्या घरी, मार्चच्या सुट्टीत दरवर्षी हेच ठरायचं.

सकाळी पाणी आणायला गेलेल्या लेम्पीला होडीच्या धक्क्यापुढे बर्फाखालून डबडब आवाज ऐकू आला. तिथला बर्फ करडा पडला होता, आणि ट्रकची चाकोरी नेमकी त्यावरून जात होती.

तिनं घरात येऊन सांगितलं. मामा कॉफी ओतत म्हणाला, की लेम्पीला भर थंडीतही बर्फ फुटताना दिसतो. सगळे हसले. मामेबहीण कारिना हसली. लेम्पीसुद्धा हसली. भावंडांत थोरला आर्वो शहाणा, धाकटा ओत्सो लाडका आणि मधली, बारा वर्षांची लेम्पी घाबरट. हे कुणी आणि कधी ठरवलं, आता कुणालाच आठवत नव्हतं. पण चारचौघांत बसलं की ती अगदी तशीच वागायची.

थोड्या वेळानं कारिना एकटीच लेम्पीच्या मागे अंगणात आली. आवाज खरंच येतोय का, तिनं विचारलं. दोघींनी बर्फाला भोक पाडायचं गिरमिट उचललं. काठाजवळ दोन वीत खोल गेलं तरी पाणी लागेना. मग लेम्पीनं कमरेला दोर बांधला, त्याचं टोक कारिनाकडे दिलं आणि ती पोटावर सरपटत करड्या डागाच्या कडेला पोचली. तिथे चार वेढ्यांतच पाणी वर आलं. बर्फ फक्त चार बोटं होता!

धक्क्याचे खांब बर्फात आवळले जाऊ नयेत म्हणून मामा पाण्याखाली नळीतून हवा सोडायचा. शेडमधली मोटर घरघरत होती. पण नळी खांबापासून सुटून बर्फाखालून लांब वाहत गेली होती आणि तिच्या बुडबुड्यांनी ट्रकच्या वाटेवरचा बर्फ खालून विरघळत होता. मामानं हिवाळाभर तिच्याकडे पाहिलंच नव्हतं.

दोघी घरात परतल्या. लेम्पीनं पुन्हा तोंड उघडलं. "चाळीस वर्षं या तळ्यावर गाडी घालतोय मी," मामा म्हणाला. लेम्पीनं कारिनाकडे पाहिलं. कारिना जमिनीकडे बघत होती.

दीड वाजला. लेम्पी आर्वोला सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, मागे घेऊन गेली.

"तू सांग. तुझं ऐकतात."

"आणि चुकीचं निघालं तर?" आर्वो म्हणाला. "तुझं बरं आहे गं. तू चुकलीस तर नुसते हसतात."

हे लेम्पीच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. तिनं त्याला काठावरूनच गिरमिटाच्या भोकातून वर आलेलं पाणी दाखवलं. "चार बोटं. एवढंच म्हण."

मामाच्या हातात किल्ल्या होत्या. आर्वो दारात उभा राहून म्हणाला, "मामा, धक्क्यापुढे बर्फ चार बोटंच राहिलाय."

मामानं लगेच किल्ल्या खाली ठेवल्या. आजोबा पहार घेऊन करड्या डागाच्या कडेशी गेले. एकाच घावात ती आरपार गेली आणि काळं पाणी बर्फावर पसरलं. बूट घालून तयार बसलेल्या ओत्सोकडे पाहताना मामाचा चेहरा पांढरा पडला होता.

संध्याकाळी जेवताना आजोबांनी आर्वोच्या पाठीवर हात ठेवला. "थोरला असावा तर असा."

"सगळं लेम्पीनं शोधलं, आजोबा. आवाज, नळी, सगळं."

"बघा," आजोबांचे डोळे भरून आले, "श्रेयसुद्धा बहिणीला देतोय." कारिनानंही आजोबांना दुजोरा देत मान डोलावली. मामानं लेम्पीच्या ताटात मासा वाढला आणि ती फार घाबरली होती का, असं प्रेमानं विचारलं.

जेवण झाल्यावर आर्वो अंगणात तिच्याशेजारी येऊन उभा राहिला.

"मी सांगितलं होतं."

"ऐकलं मी."

"परत सांगू?"

लेम्पीनं खिडकीतून आत पाहिलं. सगळे किती आनंदात होते.

"नको," ती म्हणाली. "ते तुझ्यावर आणखी खूश होतील."