किल्ली नसलेलं घड्याळ

लोणावळ्याच्या बाजारातल्या घड्याळजीच्या दुकानात मी शिरले ती वैतागूनच. दादानं लढाईवरून येताना माझ्यासाठी मनगटी घड्याळ आणलं होतं. म्हणे किल्ली द्यायला नको, हात हलला की आपलं आपण चालतं! पण ते रोज पहाटे थांबायचं. शाळेत मी नवी शिक्षिका. दोनदा उशीर झाला होता. तिसऱ्यांदा झाला तर वर लिहून कळवीन, असं मोठ्या बाईंनी, धोंडाबाईंनी बजावलं होतं. म्हणजे नोकरी गेली आणि मी परत गावी, इंदुरीला, वडिलांकडे – आबांकडे.

डोळ्याला भिंग लावून बसलेल्या घड्याळजीनं, हौशीरामनं, घड्याळ उघडलं. मी वाकून पाहिलं. आत अर्ध्या चकतीसारखं वजन डोलत होतं.

"घड्याळ लय चांगलं हाय," तो म्हणाला. "तुमचा डावा हात दिसभर काय करतो?"

"पुस्तक धरतो."

"आन् उजवा?"

"फळ्यावर लिहितो, वह्या तपासतो… कधी कान धरतो."

"मग राबणाऱ्या हाताला घाला की. डावा नुसता बसून खातोय."

पण उजव्या मनगटावर डाव्या हातानं पट्टा काही लागेना. शेवटी त्यानंच लावला – बांगड्या हळूच मागे सारून. त्याची बोटं गार होती, आणि माझे कान मात्र तापले.

घड्याळ पुन्हा थांबलं नाही. पट्टा लावून घ्यायला मी रोज सकाळी शाळेआधी दुकानात. रोज नवा प्रश्न – रात्री हात हलत नाही, मग हे चालतं कसं?

"दिसा हललेलं रातच्याला पुरतं."

"तुम्हाला पुरतं?" मी विचारलं. तो उगाच भिंग पुसत बसला.

पंधराव्या दिवशी पट्टा लागला, तरी त्यानं हात सोडला नाही. "मुंबईचा ताणायचा पट्टा आलाय… नुसता सरकवायचा. आठ दिस खणात लपवला व्हता. उद्यापासनं तुमाला यायला नको."

"मला हाही लावता येतो," मी म्हणाले. "दुसऱ्याच दिवशी शिकले."

"मंग रोज…?"

"रोज."

तो मला आवडत होता, आणि आता ते दोघांनाही ठाऊक झालं होतं.

"आबांना भेटाया येऊ?"

"रविवारी घरी असतात."

तेवढ्यात शाळेची घंटा ऐकू आली. मी धावतच सुटले.

मी पोचले तेव्हा धोंडाबाईंनी कागद पुढे ओढला होता. "पुन्हा घड्याळ थांबलं वाटतं?"

हो म्हणाले असते तर कदाचित सुटले असते. पण जीभ वळेना.

"नाही बाई. घड्याळ चालू होतं… मीच थांबले होते."

त्यांनी माझ्या लाल झालेल्या तोंडाकडे पाहिलं. मग कोरा कागद बाजूला सारून दौतीला झाकण लावलं.