शिशाची खोली

घाबरवायला म्हणून सांगत नाही. तुम्ही विचारलंत, इतकी वर्षं एकटीनं काम करताना कधी भीती वाटली नाही का, म्हणून सांगते. एकदाच वाटली. तीही भर दिवसा.

तेव्हा माझं पीएच.डी.चं पाचवं वर्ष चालू होतं. बुरशीतल्या एका प्रथिनाचा आकार शोधायचा, एवढंच काम. मण्यांची लांब माळ मुठीत चुरगळून टाकावी, तसं असतं प्रथिन. कुठला मणी कुठे जाऊन बसलाय हे कळायला आधी त्याचे स्फटिक करावे लागतात आणि मग त्यांच्यावर क्ष-किरण सोडावे लागतात. माझे स्फटिक काही केल्या होत नव्हते. बरोबरीचे एकेक करून पदव्या घेऊन निघून गेले. आई दर रविवारी फोनवर विचारायची, "अजून त्या बुरशीचंच चाललंय का गं? आपल्या भिंतीला आली तर आपण चुना फासून मोकळे होतो." मी हसायची. फोन ठेवला की पुढच्या रविवारपर्यंत माझ्याशी कामाशिवाय कोणी बोलत नसे. कधीकधी घशातून आवाज निघतोय का, हे बघायला मी फ्रीजशी बोलायची.

मग एकदाचे नऊ स्फटिक आले. अकरा महिने लागले त्यांना वाढायला, आणि आकार मिठाच्या कणाहून लहान.

क्ष-किरणांच्या मोठ्या केंद्रात आम्हाला आठ तासांची एक पाळी मिळाली. केंद्र दुरुस्तीसाठी चार महिने बंद व्हायचं होतं, त्याआधीचा शेवटचा दिवस. सर म्हणाले, "मला काही जमणार नाही. तू एकटी करशील ना?"

करीन म्हटलं. पाच वर्षांत दुसरं केलं काय होतं!

सकाळी आठला पोचले. गोल, प्रचंड इमारत. आत खिडकी नाही. पंपांची एकसुरी घरघर आणि तापलेल्या तारांचा वास. बहुतेक लोक सुट्टीवर गेलेले. माझ्या यंत्रावर एकच तंत्रज्ञ होते. कमरेला चाव्यांचा जुडगा, म्हणून सगळे त्यांना चावीकाका म्हणत. त्यांनी मला शिशाच्या भिंतींची खोली दाखवली. स्फटिक आत सुईच्या टोकावर बसवायचा, थंड नायट्रोजनच्या झोतात. मग बाहेर येऊन दार लावायचं, की किरण सुरू. चालू किरणात आत माणूस राहिलं तर जिवावर बेतायचं.

"म्हणून दर वेळी खोली तपासायची," काका म्हणाले. "थेट मागच्या कोपऱ्यापर्यंत चालत जायचं, तिथलं बटण दाबायचं, मोठ्यानं विचारायचं, आत कोणी आहे का? कोणी दिसलं तर बाहेर काढायचं. नाही दिसलं तर दार लावायचं."

"आणि कोणी 'ओ' दिली तर?" मी आपली गंमत केली.

काका हसले नाहीत. "दिसलं तर बाहेर काढायचं," ते पुन्हा म्हणाले. "ऐकू येण्याबद्दल नियमात काही नाही."

पहिला स्फटिक वाया गेला. दुसऱ्याला तडा होता. दुपारपर्यंत सात संपले. दर वेळी मी आत जात होते, बटण दाबत होते, रिकाम्या खोलीला विचारत होते, "आत कोणी आहे का?" आणि खरं सांगू? त्या आठवड्यात मी कोणाला काही विचारलेलं ते तेवढंच होतं.

काका जेवायला गेले. मी आठवा स्फटिक बसवला. सगळ्यांत मोठा, जपून ठेवलेला. मागच्या कोपऱ्यात गेले, बटण दाबलं, विचारलं.

"आहे... थांब ना..."

आवाज हळू होता. दमलेला. लांबून चालत येणारं माणूस बोलतं तसा.

मी जागच्या जागी वळले. खोली आपल्या स्वयंपाकघराएवढी. टेबल, नळ्या, कॅमेरा, माझा स्फटिक. टेबलाखाली वाकून पाहिलं. यंत्राच्या मागे हात घालून पाहिला. कोणी नाही.

"कोण आहे?"

 बाहेर आले, दाराला हात लावला, दारातूनच पुन्हा विचारलं.

"थांब ना..."

या वेळी जरा जवळून.

 पळून जावंसं वाटलं, नाही असं नाही. पण नुसती भीती असती तर सोपं होतं. दार उघडं राहिलं की बाहेरची दमट हवा आत जाते आणि स्फटिकावर बर्फ चढतो. मला तो बाहेरच्या पडद्यावर दिसत होता, कडेनं पांढरा होत चाललेला. पाच वर्षं तिथे सुईच्या टोकावर होती. दार लावलं असतं तर सगळं नियमात बसत होतं. आत कोणी दिसत नव्हतं.

पण दार लावायला हात उचलेना. त्या आवाजात रागबिग काही नव्हता हो. आपण हाक मारायची आणि समोरच्यानं ऐकून न ऐकल्यासारखं करून दार लोटायचं, ही सवय झालेल्या माणसाचा तो आवाज होता. मला तो ओळखीचा वाटला.

मी ते जड दार पाठीनं धरून उभी राहिले आणि म्हटलं, "या. सावकाश या. मी थांबलेय."

थोड्या वेळानं डाव्या बाहीला गार काहीतरी घासून गेलं. गर्दीत कोणी चुकून लागावं, तितकंच. मग पुन्हा. मग पुन्हा. वाटलं, पाय ओढत चालत असेल बिचारं. डोळे मिटून घेतले होते मी. चार मिनिटं तरी गेली असतील.

स्पर्श थांबला. मी आत गेले, बटण दाबलं, विचारलं. नुसती पंपांची घरघर. दार लावलं, भोंगा झाला, किरण सुरू झाले.

त्या स्फटिकानं माझी पीएच.डी. केली. बर्फ चढूनही पडद्याच्या कडेपर्यंत किरणांचे ठिपके उमटले, स्वच्छ, मोजून घ्यावेत असे. पुढे त्याच ठिपक्यांवरून प्रथिनाचा आकार सापडला, नोकरी लागली, सगळं झालं. त्या क्षणी मात्र मी खुर्चीत बसून रडत होते, आणि कशासाठी ते मलाच कळत नव्हतं.

चारला सामान बांधलं. चावीकाका निरोपाला इमारतीच्या दर्शनी दालनापर्यंत आले. मला राहवेना. विचारलं, "काका, त्या खोलीत कोणी दगावलं होतं का... पूर्वी?"

"नाही." ते चाव्या चाचपत राहिले. "खोली बांधली तेव्हापासून मी इथे आहे. कधी कोणाला खरचटलंसुद्धा नाही. तेच तर..." ते थांबले. "तुला ऐकू आलं?"

मी मान डोलावली.

"मला सहा वर्षं येतंय. मी म्हणतो, आत्ता नको, आणि दार लावतो. तू काय केलंस?"

"थांबले. बाहेर येऊ दिलं."

चाव्यांचा आवाज बंद झाला. काका एकदम हळू बोलले.

"एकच आलं ना?"

माझा हात आपोआप डाव्या बाहीवर गेला. "येते काका," एवढंच म्हटलं, पिशवी उचलली आणि बाहेर पडले.

बाहेर चक्क ऊन होतं. पायऱ्या उतरले आणि मागे वळून पाहिलं. काका आत भिंतीला पाठ लावून, अंग चोरून उभे होते, वाट देतात तसे. मधे काचेचं सरकतं दार होतं. माणूस समोर आलं की उघडायचं, निघून गेलं की आपोआप मिटायचं. माझ्यामागे ते मिटायला लागलं, अर्ध्यात थबकलं आणि परत उघडलं. पुन्हा मिटायला लागलं, पुन्हा उघडलं.

बस येईपर्यंत मी वीस मिनिटं थांब्यावर उभी होते. तेवढ्या वेळात ते एकदाही पूर्ण मिटलं नाही.