उजवीकडे एक फेरा

दरवर्षी थंडी ओसरली की नौदलाच्या कचेरीतून ते चाक माझ्या दुकानात येतं. दोन शिपाई घामाघूम होऊन ते टेबलावर टेकवतात, मी पावतीवर सही करते, आणि त्यातला म्हातारा दरवर्षी तेच म्हणतो की, बाई, पुढच्या वर्षी जरा हलकं बक्षीस काढायला सांगा साहेबांना. मीही दरवर्षी हसते. कोरीवकामाचं हे दुकान वडिलांच्या वेळचं, बंदराच्या मोठ्या फाटकासमोर. ढाली, पदकं, दारावरच्या पाट्या, जे येईल ते कोरते. अक्षरं सरळ येण्याशी मतलब, ती कोणाबद्दल आहेत याच्याशी माझा कधी संबंध नव्हता.

चाक म्हणजे एका जुन्या जहाजाच्या तळातल्या पोलादी दाराचं पितळी चाक. पाणी आणि आग अडवणारी ती दारं चाक फिरवून बंद करतात. जहाज कधीच मोडीत निघालं, चाक तेवढं जाड लाकडी फळीवर बसवून ठेवलं. नौदलात नेतृत्वाबद्दल जो सर्वांत मोठा सन्मान आहे तो हाच. ज्याला मिळतो तो समारंभात सगळ्यांसमोर चाक उजवीकडे एक फेरा फिरवतो. दार बंद, जहाज सुरक्षित, टाळ्या. फळीच्या मागे एक दातेरी चकती आहे आणि तिच्यात अडकणारी बोटभर पोलादी खिट्टी. ती असली की चाक फक्त उजवीकडेच फिरतं. उघडायच्या बाजूला तसूभरही नाही. सत्तावीस वर्षांत ते चाक सत्तावीस वेळा बंद झालं होतं.

माझं काम ठरलेलं. खिट्टी काढायची, तेलपाणी करायचं, पितळ घासायचं, फळीवर नवी पट्टी ठोकायची. पट्टीवर मानकऱ्याचं नाव आणि मानपत्रातलं एक वाक्य. मग खिट्टी परत लावायची आणि समारंभाच्या दिवशी स्वतः जाऊन चाक मंचावर उभं करायचं.

या वर्षीचा कागद उघडला आणि मी खुर्चीत बसले. नावाखाली वाक्य होतं, "आतून प्रतिसाद नसल्याची खात्री करून दार बंद केले व जहाज वाचवले."

आत माझा धाकटा भाऊ होता.

आठ महिन्यांपूर्वी त्याच्या जहाजाच्या यंत्रखोलीत वाफेची नळी फुटली, मागोमाग आग लागली. आत नऊ जण. कप्तानाने दार बंद करायला लावलं. वरचे दोनशे वाचले. वाफेने सगळे दोन मिनिटांत गेले, काही कळलंही नसेल, असं आम्हाला लेखी कळवलं. पेटी उघडू नका म्हणाले. मी हटून बसले, निदान हात दाखवा. दाखवले. दहाही बोटं सांध्यांतून मोडलेली, उजव्या मुठीवर मांस नव्हतं, हाडाचा चुरा होता. डॉक्टर म्हणाले, उष्णतेने असं होतं. मी जन्मभर धातू ठोकलेली बाई आहे. भाजलेलं काय आणि आपटलेलं काय, मला कळतं. पण तेव्हा गप्प बसले, कारण मागे वहिनी उभी होती.

भावाला घरी आम्ही ठोक्या म्हणायचो. घरात बाथरूम एक आणि माणसं सहा. मी आत गेले की हा दार ठोकायचा. दोन ठोके, मग थांबून एक. ताई, आटप. नोकरीला लागला, लग्न झालं, तरी सुट्टीवर आला की पहिल्या सकाळी तेच. मी मुद्दाम जास्त वेळ लावायची.

वहिनी आता माझ्याकडेच राहते. शाळेत गणित शिकवते, हिशेबी बाई, रडणं कोणाला दिसू देत नाही. पण त्या दिवसापासून तिला बंद दार सहन होत नाही. खोलीच्या दाराला दुकानातलं लोखंडी वजन, बाथरूमच्या दाराला स्टूल. आमच्या घरात आठ महिने कोणी निवांत आंघोळ केलेली नाही. कचेरीला आमचं नातं माहीत नव्हतं, लग्नानंतर माझं आडनाव वेगळं. मी सांगितलं नाही. वहिनीला मात्र कागद दाखवला. तिने तो दोनदा वाचला.

"दार लावलं ते चुकलं असं मी म्हणत नाही, ताई," ती म्हणाली. "दोनशे वजा नऊ मलाही येतं. ऐकून लावलं की न ऐकता लावलं, एवढंच मला हवंय. तोवर हे कोरू नका."

समारंभाला नऊ दिवस होते.

पहिल्या दिवशी फळी दुकानाच्या मधोमध घोडीवर उभी केली आणि खिट्टी काढली. पितळ कोमट लागलं. शिपायांनी उन्हातून आणलं असेल म्हणून सोडून दिलं. घासताना चाक हलू नये म्हणून ते शिकंज्यात आवळलं आणि सवयीप्रमाणे वरच्या आऱ्यावर खडूची खूण केली. जेवून आले तर खूण पाव फेरा डावीकडे सरकलेली. शिकंज्याचा जबडा वाकला होता. तो जबडा वाकवायला मला घण लागला असता. मी शिकंजा जुना झाला म्हणून स्वतःलाच चार शब्द सुनावले आणि दुसरा लावला.

दुसऱ्या दिवशी दुसराही वाकला. तो सोडवायला गेले तर चाक हातातून हिसकलं आणि आऱ्याने अंगठ्याचं नख मुळापासून उपटलं. टेबलावर रक्त, फरशीवर रक्त. चिंधी गुंडाळून मी फळीमागे गेले. मागे काय असणार, चकती, लाकूड आणि मोकळी हवा. लाकडाला हात लावला. गरम होतं. तव्यावर ठेवलेल्या भाकरीला बोट लावावं तसं बोट मागे आलं.

मी खिट्टी परत लावली. मग ठोके सुरू झाले.

आधी वेडेवाकडे, खूप हातांचे. लाकडावर नाही, लोखंडावर, आणि खूप आतून. मी पंखा बंद केला, रस्त्यावर जाऊन आले, शेजारच्या शिंप्याला विचारलं. त्याला काहीच ऐकू येत नव्हतं. परत आत आले तेव्हा बाकीचे थांबले होते. एकच हात उरला होता.

दोन. थांबून एक.

मी स्टुलावर बसून राहिले. मला भीती वाटली नाही, राग आला. इतका राग आला की हातोडी उचलून त्या फळीचे तुकडे करावेसे वाटले. पण तुकडे केले तर तो कुठे जाईल हे कोण सांगणार? वहिनीला काही बोलले नाही. कानांवर विश्वास ठेवून तिच्यासारख्या बाईला काय सांगायचं, पुरावा काय?

पुरावा सहाव्या दिवशी स्वतःच्या पायांनी चालत आला. कप्तान अक्षरं बघायला आले होते. सभ्य माणूस, आवाज मऊ, हात पाठीमागे बांधलेले. पट्टीवर वाक्य पेन्सिलीने आखलं होतं, कोरलं नव्हतं. ते चाकापासून चार हात लांब उभे राहून वाचत होते, तेवढ्यात ठोके पडले. दोन. थांबून एक.

कप्तान एकदम मोठ्याने बोलायला लागले. हवा, बंदराची गर्दी, माझ्या वडिलांचं काम किती नावाजलेलं होतं. ठोके वाढले तसा त्यांचा आवाज वाढला. कपाळावर घाम आला.

"तुम्हाला काही ऐकू येतंय का?" मी विचारलं.

"नाही," ते म्हणाले. "शेजारी काम चालू आहे वाटतं."

शेजारी शिंपी बसतो. जाता जाता दारातून वळून म्हणाले, ते वाक्य जरा खोल कोरा, बाई, लवकर पुसलं जाता कामा नये.

मी कोरलं. त्याच दुपारी, एका बैठकीत, सांगितलं होतं तितकं खोल. शेवटच्या अक्षराला कोरणी घसरली आणि डाव्या तळव्यातून आरपार गेली. ती उपसून काढली, जखम बांधली आणि अक्षर पुरं केलं. मग फळीमागे गेले, खिट्टी काढली आणि टेबलाच्या खणात टाकली. विसरले असं पुढे चौकशीत सांगितलं. विसरले नव्हते.

समारंभ सकाळी अकराला. सभागृहात गारवा, पांढऱ्या गणवेशांच्या रांगा, पुढच्या ओळीत नऊ घरांची माणसं. वहिनी त्यांत पहिली. मी चाक मंचावर उभं केलं आणि पडद्याजवळ थांबले. मानपत्र वाचून झालं. कप्तान पुढे आले, पांढरे हातमोजे चढवले, ध्वनिक्षेपक बाजूला उभाच होता. दोन्ही हातांनी चाक धरलं आणि उजवीकडे जोर दिला.

चाक हललं नाही.

ते थोडं हसले. पुन्हा जोर दिला. लोकही हसले.

ठोके पडले.

या वेळी सगळ्यांना ऐकू आले. पुढच्या ओळीतलं एक मूल आईला बिलगलं. वहिनी उभी राहिली. एवढ्या वर्षांत सुट्टीच्या पहिल्या सकाळचे ते ठोके तिनेही ऐकले होतेच.

कप्तानांनी हात सोडवायचा प्रयत्न केला. हात सुटेना. ते चाकाकडे बघून बोलले, कोणाला तरी हुकूम देत असल्यासारखे, आणि तो आवाज ध्वनिक्षेपकातून शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचला.

"ठोकतायत ते ऐकू येतंय मला. बंद करा म्हणतो ना."

चाक डावीकडे फिरलं.

एकाच झटक्यात. मनगटं मोडल्याचा आवाज आधी आला, किंकाळी नंतर. चाक थांबलं नाही. दुसऱ्या फेऱ्याला कोपर उलटं झालं, तिसऱ्याला खांदा. त्यांचं तोंड आऱ्यांवर आपटत होतं, दर फेऱ्याला, दात मंचावर उडत होते. मग चेहरा लाल झाला, फुगला, आणि गालांवरची कातडी फोड येऊन सुटायला लागली. सभागृह गार होतं. कुठे आग नव्हती, वाफ नव्हती.

दोन खलाशांनी त्यांना ओढून काढलं. हातमोजे चाकावरच राहिले. ते रिकामे नव्हते.

चाक आपोआप थांबलं. मी जवळच होते. फळीमागून गरम वारा आला, माझ्या अंगावरून गेला, केसांना ओल लागली. त्याच्यामागे दुसरा. मी मोजले. नऊ.

लोक पळत होते, खुर्च्या पडत होत्या. वहिनी जागेवरच उभी होती. तिने माझ्याकडे बघून मान हलवली, वर्गात बरोबर उत्तर आल्यावर हलवते तशी.

कप्तान तीन दिवस जगले. तिसऱ्या दिवशी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी गेले.

मला वेळ नक्की माहीत आहे, कारण तोवर चाक माझ्या दुकानात परत आलं होतं. विजेचा धक्का बसला असा अहवाल लिहून झाला होता. आरे सरळ करा, पट्टी पुसा आणि चाक तपासून तसं लेखी द्या, अशी चिठ्ठी सोबत होती. म्हातारा शिपाई या वेळी चाक टेकवून पावतीच्या सहीलाही थांबला नाही. मी हातमोज्यांचा शेवटचा धागा चिमट्याने काढत होते तेव्हा समोरच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली, आणि फळीत ठोका पडला.

दोन आणि एक नाही. एकच माणूस, न थांबता. आधी तळहात, मग मुठी, मग बहुतेक कपाळ.

मी पूर्ण एक मिनिट ऐकलं. वहिनीला जे हवं होतं ते मला स्वतःसाठीही हवं होतं. पुढे जे केलं ते ऐकून केलं. खणातून खिट्टी काढली, तेल लावलं, दातांत बसवली आणि हातोडीने दोन ठोके मारून घट्ट केली. मग कचेरीचा कागद ओढून लिहिलं, चाक तपासले, दोष आढळला नाही.

एवढ्यात वहिनी शाळेतून चहाचा थर्मास घेऊन आली. ठोके चालूच होते, आता लाकूडही हलत होतं. तिने दोन कप भरले, एक माझ्यापुढे सरकवला आणि फळीकडे तोंड करून बसली.

"काही येतंय का ऐकू?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "शेजारी काम चालू आहे वाटतं."

चहा पिऊन झाल्यावर ती उठली. बाहेर पडताना, आठ महिन्यांत पहिल्यांदा, तिने दार मागे ओढून घेतलं आणि नीट लागलं की नाही ते दोनदा ढकलून पाहिलं.