डावी सीट

पटत नसेल तर उठून आत जा, असं नातवंडांना बजावून पांडुरंगरावांनी ही गोष्ट काढली. त्यांचे दोस्त भुजंगराव, बोगादीचे मेकॅनिक, त्यांच्यावर बेतलेली.

साल दोन हजार तेवीस. दसऱ्याच्या आदल्या दिवशीची, आयुधपूजेची रात्र, सोमवार, पावणेदहा.

नागरत्नाबाईंची लाल स्पोर्टी कार, छोटीशीच, भुजंगरावांकडे तिसऱ्यांदा आली होती. कार मुलाची, श्रीहर्षची. तो उन्हाळ्यात आजारपणात गेला. दारात ती कार दिसली की बाईंचा डोळा लागत नसे. सकाळी कृष्णराजनगरचं गिऱ्हाईक यायचं होतं, आणि कार साधा चढ चढेना. दुसऱ्या गिअरमध्येही धापा टाकायची. असली कार कोण घेणार?

प्लग बदलून झाले, फिल्टर झाला, पेट्रोलचा पंप झाला. स्कॅनर लावला तर तो म्हणे दोषच नाही. भुजंगरावांची पाठ धरली होती, डोळे मिटत होते. त्यात पान्यांना हळदीकुंकू लागलेलं. उद्यापर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. उरले नुसते कान. म्हणून ते एकटेच कार घेऊन रिंग रोडला निघाले.

चढ लागला. पाय तळाला टेकला. वेग तीस.

टिंग... टिंग...

डावीकडचा पट्टा लावा, असं कार सांगत होती. डावी सीट रिकामी होती.

उतरून पाहिलं. कार डाव्या अंगाला दोन बोटं खाली बसलेली. त्यांनी नागरत्नाबाईंना फोन लावला.

“अक्का, शेवटी शेवटी तो काय मागायचा?”



“अम्मा, कारमधून एकदा फिरव म्हणायचा... मी नेलं नाही.”

भुजंगरावांनी रिकाम्या सीटचा पट्टा लावला. टिंगटिंग थांबली. दसऱ्याच्या रोषणाईतून हळूहळू एक फेरी मारली. मग नागरत्नाबाईंच्या फाटकापाशी येऊन डावं दार उघडलं.

“घर आलं बाळा. उतर.”

...

कार वर उचलली गेली. दोन बोटं.

मग तोच चढ तिनं तिसऱ्या गिअरमध्ये काढला. सकाळी त्यांनी बाईंना रात्रीची फेरी सांगितली. गिऱ्हाईक कार खुशीत घेऊन गेलं. संध्याकाळी नागरत्नाबाईंचा फोन आला.

“भुजंगराव, त्याला कुठं उतरवलंत?”

“...दारात, अक्का.”

“त्याच्या खोलीला उन्हाळ्यापासून कुलूप आहे. किल्ली माझ्या कमरेला. आत पंखा लागलाय... बंद करू, का असू दे?”



 पांडुरंगराव हळूच म्हणाले, परवा आख्ख्या बोगादीचा करंट गेला होता. मी श्रीहर्षच्या खोलीच्या खिडकीवरून आलो.

पंखा फिरत होता.