पासष्टावी ओळ

भोसरीत एका लेथ वर्कशॉपच्या माथ्यावर जयमालाचं ऑफिस होतं. खाली दिवसभर लोखंड किंचाळायचं आणि वर ही बाई तीन वर्षं एकच सॉफ्टवेअर घडवत बसली होती. मोठं गणित चौसष्ट कॉम्प्युटरांना वाटून दिलं, की प्रत्येक पायरीला सगळ्यांनी एकमेकांसाठी थांबायचं असतं. कोण पोचलं, कोण रखडलं, हे तिचं सॉफ्टवेअर दाखवायचं. नाव साधंच ठेवलं होतं, 'हजेरी'. आज तीन वाजता चाकणच्या एका फाउंड्रीचे मालक साहेबराव ते बघायला येणार होते. त्यांनी नाही म्हटलं तर ऑफिसला कुलूप, हे तिला आणि तिच्या भागीदाराला, नवनाथला, पक्कं ठाऊक होतं.

सकाळपासून साहेबरावांच्याच भट्टीचं गणित लावलं होतं. भट्टीच्या भिंतीचे चौसष्ट तुकडे, प्रत्येकाची एक ओळ, ओळीपुढे तापमान. नऊशे, हजार, अकराशे. सगळ्यात खाली पासष्टावी ओळ होती. तिच्यापुढे सदतीस, जेमतेम माणसाच्या अंगाइतकं.

"शून्यापासून मोजायचं विसरली असशील," नवनाथ म्हणाला. "आपल्या धंद्यातली नेहमीची चूक."

तिने दोनदा मोजलं. कॉम्प्युटर चौसष्ट, तुकडेही चौसष्ट. पाहुण्यांपुढे शोभा नको म्हणून तिने ती ओळ सरळ काढून टाकली.

गणित थांबलं. चौसष्टही ओळींपुढे एकच शेरा उमटला: पासष्टची वाट पाहत आहे.

नवनाथचा चेहरा उतरला. "आज नको दाखवूया, जया. मला हे बरं वाटत नाही."

"आज नाही तर कधीच नाही," ती म्हणाली. तिलाही भीती वाटली, खोटं कशाला सांगा. पण तिने ओळ परत घातली आणि गणित निमूट पुढे सरकलं.

तीनला साहेबराव आले. "म्याडम, हजार पायऱ्या चालवा. आमी बसतो हितं," म्हणत त्यांनी खुर्ची ओढली.

ते वरच्या ओळी बघत होते. जयमाला शेवटची.

छत्तीस. चौतीस.

"नवनाथ, पंखा बंद कर ना."

एप्रिल होता. साहेबराव रुमालाने मान पुसत होते.

एकतीस.

गणित संपलं. उत्तर भट्टीवरच्या मोजणीशी तंतोतंत जुळलं. साहेबरावांनी खुशीत तिचा हात हातात घेतला आणि लगेच सोडला.

"किती गार हो हात तुमचा," ते म्हणाले. आपला तळवा त्यांनी पँटला पुसला. "बरं, ठरलं बघा. उद्यापासून दिवसरात्र चालवायचं हे."

चहा आला. जयमालाने वाफाळता ग्लास दोन्ही हातांत घट्ट धरला. चटका काही बसला नाही.